यंत्रांच्या पोटात : एक चकती पुरेना, तेव्हा...



या आठवड्याच्या टपालात नववीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. टोयोटा सुप्रा या जपानी गाडीचं कात्रण त्याच्याकडे आहे. त्यात म्हणे लिहिलंय, ‘ताकद वाढवून ६०० अश्वशक्ती; ट्विन-प्लेट क्लच बसवलेला’. त्यावरून त्यानं तीन प्रश्न विचारलेत.

एक, इंजिनाची ताकद वाढवली तर क्लच बदलायची काय गरज? दोन, एका प्लेटीऐवजी दोन घातल्या की नक्की काय होतं? आणि तीन, दोन चांगल्या, तर मग तीन किंवा चार का घालत नाहीत?

प्रश्न झकास आहेत! तिसरा तर फारच. ‘जास्त म्हणजे चांगलं’ हे यंत्रांच्या बाबतीत खरं असतं का, हाच त्याचा अर्थ. तेव्हा आज क्लचच्या पोटात शिरू या. आईबाबांनीही सोबत यायला हरकत नाही. गाडी चालवणाऱ्यांच्या कामाचं यात बरंच आहे.

आधी साधा क्लच

इंजिन एकदा सुरू झालं की ते फिरतच राहतं. चाकं मात्र सिग्नलला थांबली पाहिजेत. म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा हात कधी जोडायचा, कधी सोडायचा, हे ठरवणारं कुणीतरी मध्ये हवं. तोच क्लच.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टला एक जड लोखंडी चाक बोल्टनं घट्ट बसवलेलं असतं. हे फ्लायव्हील. त्याच्यासमोर, गिअरबॉक्सच्या दांड्यावर एक चकती असते. तिच्या दोन्ही अंगांना घासणारा मसाला लावलेला असतो. ही क्लच प्लेट. तिच्यामागे प्रेशर प्लेट, आणि तिला पुढे दाबणारी जोरकस स्प्रिंग. पाय पेडलवर नसतो तेव्हा स्प्रिंग प्रेशर प्लेटला दाबते आणि क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये चिमटीत सापडते. मग तिघं एकत्र फिरतात. पेडल दाबलं की चिमटा सुटतो. इंजिन फिरत राहतं, चकती मोकळी होते.

लक्षात घ्या, इथे दाते नाहीत, साखळी नाही. सगळा मामला घर्षणाचा! म्हणूनच गाडी हिसका न देता हळुवार सुटते. आणि म्हणूनच क्लचला मर्यादाही असते. इंजिनाचा पीळ चिमट्याच्या पकडीपेक्षा जास्त झाला की चकती घसरायला लागते. इंजिन बोंबलतं, काटा वर चढतो, पण गाडीचा वेग तेवढाच! आणि मग तो ओळखीचा करपट वास. गॅरेजवाले म्हणतात, ‘क्लच स्लिप होतोय.’

घोडे मोजायचे की पीळ?

आता पहिला प्रश्न. सुप्राची चौथी पिढी १९९३ साली आली. तिच्या सर्वांत दमदार प्रकारात तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरांचं आणि दोन टर्बोचार्जरचं ‘टू जेझेड’ इंजिन होतं. जपानमध्ये त्या काळी गाड्यांचे कारखानदार आपसांत ठरवून २८० अश्वशक्तीच्या वर आकडा जाऊ देत नसत. परदेशी पाठवलेल्या गाड्यांत हेच इंजिन सुमारे ३२० अश्वशक्ती देई. त्याचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक इतका भक्कम होता, की हौशी लोक मोठा टर्बोचार्जर बसवून त्यातून ५००-६०० अश्वशक्ती काढू लागले. इंजिनानं ते सोसलं. पण क्लच तर कारखान्यातून आला तोच! तो बिचारा किती सोसणार?

इथे एक गंमत समजून घ्या. क्लचला घोडे मोजता येत नाहीत. त्याला कळतो फक्त पीळ, म्हणजे टॉर्क. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडताना आपण जो लावतो तो पीळ. अश्वशक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. म्हणून ६०० अश्वशक्ती मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर मिळत असेल, तर पीळ भरतो सुमारे ७१० न्यूटन-मीटर. पण तेवढीच ६०० अश्वशक्ती ९,००० फेऱ्यांवर मिळत असेल, तर पीळ फक्त ४७५ च्या आसपास! घोडे तेवढेच, पण क्लचवरचा भार दोन-तृतीयांश.

म्हणून क्लच निवडताना ‘गाडी किती अश्वशक्तीची?’ एवढं विचारून भागत नाही. ‘जास्तीत जास्त पीळ किती, आणि तो कुठल्या फेऱ्यांना?’ हा खरा प्रश्न.

पकड येते कुठून?

क्लच किती पीळ पेलेल, हे चार गोष्टींवर ठरतं. एक, घासणारे पृष्ठभाग किती. दोन, मसाल्याचा घर्षणांक किती. तीन, स्प्रिंगचा दाब किती. चार, घासणारा पट्टा मध्यापासून सरासरी किती लांब. या चारांचा गुणाकार केला की उत्तर मिळालं! इतकं सोपं.

हिशेबाला सोपे पडावेत म्हणून काही गोल आकडे घेऊ. (हे टोयोटाच्या कारखान्यातले आकडे नव्हेत हं!) चकती २४० मिलिमीटर व्यासाची, घासणाऱ्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या ०.१ मीटर, घर्षणांक ०.३, दाब १०,००० न्यूटन. दहा हजार न्यूटन म्हणजे शंभर-शंभर किलोची दहा पोती एकावर एक ठेवल्यावर पडेल तेवढा दाब. एका चकतीला घासणारे पृष्ठभाग दोन.

२ × ०.३ × १०,००० × ०.१ = ६०० न्यूटन-मीटर.

परदेशी सुप्राचा मूळ पीळ सुमारे ४२७ न्यूटन-मीटर होता. म्हणजे असा क्लच तिला पुरून वर चाळीस टक्के शिल्लक. छान! पण इंजिनाचा पीळ ७१० झाला की ६०० चा क्लच घसरणारच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं?

आता चार वाटा

पकड वाढवायची तर गुणाकारातल्या कुठल्या तरी एका आकड्याला हात घालावा लागणार. एकेक वाट चालून पाहू. आपल्याला हवेत साधारण ९२० न्यूटन-मीटर. ७१० असताना ९२० का, ते पुढे सांगतो.

पहिली वाट : स्प्रिंग जोरकस करा. एकाच चकतीवर ९२० हवे असतील, तर दाब १५,००० न्यूटनांच्या वर न्यावा लागेल. दहा पोत्यांच्या जागी पंधरा! हे वजन उचलायचं कुणी? चालवणाऱ्याच्या डाव्या पायानं. शहरातल्या गर्दीत तासाभरात गुडघा कुरकुरू लागेल. शिवाय पेडल दाबलं की तो जोर क्रँकशाफ्टलाही लांबीच्या दिशेनं ढकलतो. तो धक्का झेलायला इंजिनात थ्रस्ट बेअरिंग असतं. जोर जास्त तर त्याची झीज जास्त. क्लच वाचवायला गेलो आणि इंजिन उघडायची वेळ आली, अशी गत!

दुसरी वाट : मसाला बदला. रोजच्या गाडीतल्या चकतीवर धागे आणि राळ यांचा मसाला असतो. त्याला ‘ऑर्गॅनिक’ म्हणतात. (पूर्वी यात ॲस्बेस्टॉस घालत. त्याची धूळ फुप्फुसांना घातक म्हणून ते मागे पडलं.) त्याऐवजी धातूची पूड आणि सिरॅमिक भाजून केलेले तुकडे लावले, तर घर्षणांक ०.४ च्या आसपास जातो आणि उष्णताही जास्त सोसते. मग ६०० चे ८०० होतात. पण हा मसाला तापट स्वभावाचा! हळुवार पकडणं त्याला जमत नाही. सुटताना गाडी थरथरते, हिसके देते. सिग्नलला प्रत्येक वेळी बेडूकउड्या. फ्लायव्हीलची झीजही जास्त.

तिसरी वाट : चकती मोठी करा. पण गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचात जागा मोजकीच असते. आणि दुसरी अडचण म्हणजे जडत्व. जाडी तेवढीच ठेवून चकतीचा व्यास वाढवला, तर तिचं फिरण्याचं जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं! म्हणजे व्यास दुप्पट, तर जडत्व सोळापट. अशी जड चकती गिअर बदलताना पटकन वेग बदलत नाही आणि गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर कड्यांना घासाघीस करून तिला वेसण घालावी लागते.

उरली चौथी वाट : घासणारे पृष्ठभाग वाढवा. म्हणजेच दोन प्लेटांचा क्लच.

घरी करून पाहा

जुन्या लग्नपत्रिका घरात असतीलच. सारख्या आकाराच्या, गुळगुळीत, कडक अशा पाच पत्रिका घ्या. एक टेबलावर ठेवा. दुसरी तिच्यावर अशी ठेवा, की दोघींचा अर्धा भाग एकमेकींवर येईल आणि दुसरीचा उरलेला अर्धा उजवीकडे बाहेर राहील. तिच्यावर तिसरी, पहिलीच्या बरोबर वर. आता एकमेकींवर आलेल्या भागावर जाडजूड शब्दकोश ठेवा. डाव्या हातानं पहिली आणि तिसरी पत्रिका धरून ठेवा आणि उजव्या हातानं मधली ओढा. किती जोर लागतो ते ध्यानात ठेवा.

आता तिच्यावर आणखी एक उजवीकडे आणि आणखी एक डावीकडे ठेवा. डावीकडच्या तीन, उजवीकडच्या दोन, एकाआड एक. शब्दकोश तोच. उजवीकडच्या दोन्ही एकदम ओढून पाहा. जवळजवळ दुप्पट जोर लागेल!

वजन तर वाढवलं नाही, मग जोर का वाढला? कारण दाब वाटला जात नाही. लोकल गाडीत शिरताना मागच्या माणसानं दिलेला रेटा मधल्या सगळ्यांतून थेट पहिल्या माणसापर्यंत पोचतो ना? तसंच. शब्दकोशाचा दाब प्रत्येक थरातून खालपर्यंत जसाच्या तसा जातो. मग घासणारी प्रत्येक जागा आपापलं पूर्ण घर्षण देते. पहिल्यांदा अशा जागा दोन होत्या, नंतर चार झाल्या.

तुम्ही आत्ता ट्विन-प्लेट क्लच बनवलात! डावीकडच्या तीन पत्रिका म्हणजे फ्लायव्हील, मधली लोखंडी प्लेट आणि प्रेशर प्लेट. या तिन्ही इंजिनाबरोबर फिरतात. उजवीकडच्या दोन म्हणजे गिअरबॉक्सच्या दांड्यावरच्या दोन क्लच प्लेटा. झालं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

ही युक्ती काही महागड्या गाड्यांचीच मिरास नाही बरं का! रस्त्यावरून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गिअरच्या मोटरसायकलीत तेलात बुडालेल्या अनेक प्लेटांचा क्लच असतो. जुन्या बजाज चेतक स्कूटरमध्येही तसाच होता. तिथे कारण वेगळं. जागा कमी म्हणून चकत्या लहान, आणि तेलामुळे घर्षण कमी. ही तूट भरून काढायला चकत्यांची संख्या वाढवतात.

हिशेब जुळला!

आता सुप्रासाठी २०० मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या घेऊ. सरासरी त्रिज्या ०.०८ मीटर. मसाला रोजचाच शांत, ऑर्गॅनिक. दाब ९,६०० न्यूटन, म्हणजे मूळ क्लचपेक्षा किंचित कमीच.

४ × ०.३ × ९,६०० × ०.०८ = सुमारे ९२२ न्यूटन-मीटर.

पाहा तर! पेडल पूर्वीइतकंच हलकं, सुटणं पूर्वीइतकंच मऊ, आणि पकड दीडपट. जडत्वाचं काय? २०० मिलिमीटरच्या एका चकतीचं जडत्व २४० च्या चकतीच्या निम्म्याहून थोडं कमी भरतं. म्हणजे दोन मिळूनही मोठ्या एकीपेक्षा जास्त नाही. पण कुणी २४० च्याच दोन चकत्या बसवल्या, तर गिअरबॉक्सच्या बाजूचं जडत्व थेट दुप्पट! म्हणून ‘ट्विन-प्लेट’ हे दोन शब्द ऐकून भुलायचं नाही. व्यास किती, हे विचारायचंच.

कारखान्यांनीही हेच ओळखलं. २००९ ची शेव्हरले कॉर्व्हेट झेडआर-१ घ्या. ६३८ अश्वशक्ती, ८१९ न्यूटन-मीटर पीळ. एवढ्या गाडीला दोन चकत्यांचा क्लच दिला, तो एवढ्यासाठीच की पकडही मिळावी आणि पेडलही माणसाच्या पायाला झेपावं. २०१३ च्या ६६२ अश्वशक्तीच्या फोर्ड शेल्बी जीटी-५०० लाही दोनच चकत्या होत्या.

सुप्रासारख्या गाड्यांसाठी असे क्लच बनवणाऱ्यांत जपानची ‘एक्सेडी’ ही कंपनी नावाजलेली. १९९५ पर्यंत तिच्या नावात ‘डायकिन’ होतं. आणि गंमत म्हणजे, ‘सीके डायकिन’ या नावानं तिच्या भागीदारीत आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, क्लच तयार होत असत!

मग तीन का नाहीत?

आता तो खास तिसरा प्रश्न. दोन चकत्यांनीही काही दुखणी येतातच. ती पाहिली की उत्तर आपोआप मिळेल.

पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट मागे सरते ती जेमतेम दोनेक मिलिमीटर. एक चकती असेल, तर ही फट दोन जागांत वाटली जाते. प्रत्येकी एक मिलिमीटर. दोन चकत्या असतील तर चार जागा, प्रत्येकी अर्धा मिलिमीटर. थोडी जरी गडबड झाली की एखादी चकती पुरती सुटत नाही, ओढत राहते, आणि गिअर ‘खर्रर्र’ करून कुरकुरतो. मधली लोखंडी प्लेट नेमकी मध्यावर थांबावी म्हणून चांगल्या क्लचमध्ये पोलादी पट्ट्या किंवा छोट्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. साध्या क्लचमध्ये ती प्लेट मोकळी लटकते आणि पेडल दाबलं की खुळखुळ्यासारखी वाजते. दुसऱ्यांना वाटतं, इंजिनच खिळखिळं झालं!

दुसरं दुखणं उष्णतेचं. चालकासकट १,६०० किलोची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी ३६ किलोमीटरला नेली, तर तिला सुमारे ८० किलोज्यूल ऊर्जा मिळते. आणि क्लच घसरवत सुटलं, तर जवळपास तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जिरते. असं चार वेळा लागोपाठ केलं, की झाली लिटरभर पाण्याला उकळी आणण्याएवढी उष्णता! फ्लायव्हील जाडजूड असल्यामुळे ते बरीचशी उष्णता पिऊन टाकतं. पण मधली प्लेट पातळ, आणि तिला तर दोन्ही बाजूंनी घासतात. तापून तिला बाक आला की खेळ खलास.

तीन चकत्या केल्या की घासणाऱ्या जागा सहा, फट आणखी लहान, मधल्या प्लेटा दोन. दुखणीही त्याच मापानं वाढली. म्हणून जिथे दोन अगदीच पुऱ्या पडत नाहीत, किंवा जिथे क्लच अगदी चिमुकला करायचा असतो, तिथेच पुढे जातात. फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्यांत कार्बनच्या अनेक चकत्यांचा क्लच असतो. त्याचा व्यास १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या नाश्त्याच्या बशीपेक्षाही लहान! पण त्या गाडीला दादरच्या गर्दीतून घरी जायचं नसतं.

आणि ७१० च्या पिळाला ९२० च का घेतले, १,५०० का नाही? कारण क्लच हा घरातल्या फ्यूजसारखाही असतो. अचानक झटका बसला तर तो थोडा घसरतो आणि झटका गिळतो. फ्यूजच्या जागी जाड तार बसवली, तर फ्यूज उडत नाही, घरातली वायर जळते. तसंच, क्लच कधीच घसरणार नाही इतका दांडगा केला, तर झटका पुढे जातो आणि गिअरबॉक्सचे दाते किंवा चाकाचा दांडा तुटतो. म्हणून वीस ते चाळीस टक्के शिल्लक ठेवायची. हातचा असावा, पण हातचाच!

निवडणाऱ्यानं विचारायचे प्रश्न

आता समजा, तशी सुप्रा असलेल्या माणसानं तुमचा सल्ला मागितला. तुम्ही त्याला हे विचारा :

१. जास्तीत जास्त पीळ किती? मोजलाय, की अंदाजपंचे?

२. गाडी वापरणार कुठे? रोज रस्त्यावर, वळणांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, की थांबलेल्या गाडीतून सरळ पळण्याच्या ड्रॅग रेसमध्ये? रस्त्यावरच्याला ऑर्गॅनिक मसाला आणि स्प्रिंगा बसवलेली चकती बरी, कारण त्या स्प्रिंगा इंजिनाची थरथर गिळतात. ड्रॅगवाल्याला उष्णता सोसणारा मसाला हवा. हिसके बसले तरी त्याला चालतात.

३. मधल्या प्लेटीला पट्ट्या किंवा स्प्रिंगा आहेत का?

४. फ्लायव्हील सोबत आहे का? दोन चकत्यांची जाडी जास्त असल्यानं जुनं फ्लायव्हील आणि रिलीज बेअरिंग बहुधा जुळत नाही. बेअरिंगची उंची मोजूनच बसवायची.

५. फ्लायव्हील किती हलकं? फार हलकं असेल तर इंजिन झटकन फेऱ्या घेतं खरं, पण सिग्नलला तितक्याच झटकन बंदही पडतं.

६. सुरक्षेची चाचणी झालेली आहे का?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. २०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ७,००० फेऱ्या घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या वर असतो! कमकुवत चकती किंवा तडा गेलेलं फ्लायव्हील त्या वेगात फुटलं, तर तुकडे तोफेच्या गोळ्यांसारखे सुटतात. आणि ही सगळी यंत्रणा चालवणाऱ्याच्या पायांपासून हाताच्या अंतरावर असते. अमेरिकेचे विख्यात ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ट्रॅकवर असाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्स चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये तिच्यावर शर्यती जिंकल्या. पुढे तशीच रचना सर्वांनी उचलली. आज अमेरिकेत ‘एसएफआय फाउंडेशन’ ही संस्था शर्यतीच्या क्लच, फ्लायव्हील आणि त्यांच्या संरक्षक कवचांसाठी सुरक्षेचे दंडक ठरवते. स्वस्तातला बिनचाचणीचा क्लच म्हणजे पायाशी पैज!

क्लच बसवल्यावरही घाई नको. नवी चकती आणि नवं फ्लायव्हील यांची मैत्री जमायला वेळ लागतो. पहिले सातआठशे किलोमीटर शहरात, साध्या चालीनं, वारंवार थांबत-सुटत गाडी चालवायची. ताकद आजमावायची ती त्यानंतर. ज्याला एवढा धीर नाही, त्याचा क्लच पहिल्याच आठवड्यात करपतो.

पालकांसाठी

तुमच्या गाडीला बहुधा एकच चकती असेल आणि तिला ती पुरेशी आहे. पण वर सांगितलेली उष्णता तिलाही चुकलेली नाही. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरली, तर चकती सतत घासत राहते. चालताना डावा पाय उगाच पेडलवर टेकवून ठेवला, तर चिमटा ढिला पडतो आणि रिलीज बेअरिंगही झिजतं. सिग्नलला न्यूट्रल करा, पाय खाली ठेवा, चढावर हँडब्रेकची मदत घ्या. क्लच दुआ देईल!

आणि मुलांनो, एक गोष्ट ठामपणे सांगतो. ताकदवान गाडीची जागा शर्यतीच्या ट्रॅकवर आहे. कोइमतूर, चेन्नई, नोएडा इथे तसे ट्रॅक आहेत. आपल्या लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग रेसचे सामने भरले आहेत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, आणि तिथे धोका फक्त स्वतःला नसतो. रस्ता ओलांडणारी आजी तुमच्या शर्यतीत भाग घ्यायला आलेली नसते.

डोकं चालवा

तीन चकत्यांचा एक क्लच आहे. घर्षणांक ०.३, दाब ९,६०० न्यूटन, सरासरी त्रिज्या ०.०६ मीटर. तो किती पीळ पेलेल? आणि आपल्या ७१० न्यूटन-मीटरच्या सुप्राला रोजच्या वापरासाठी तुम्ही हा निवडाल, की २०० मिलिमीटरचा दोन चकत्यांचा? नुसतं उत्तर नको, कारणही हवं. कारण लिहिणाऱ्याला जास्त गुण!

उत्तर पुढच्या अंकात. तोपर्यंत लग्नपत्रिकांचा प्रयोग करा. मात्र करण्याआधी आईला विचारा. एखादं लग्न अजून व्हायचं असेल!